सफरचंदांच्या पाटाखाली

1866 सालच्या जूनमधली गोष्ट. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये दोघीजणी एक भलंमोठं भेंडोळं घेऊन उभ्या होत्या. स्त्रियांना मत देण्याचा हक्क मिळावा, असा तो अर्ज होता आणि त्यावर सुमारे 1,500 बायकांच्या सह्या होत्या. तो खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांच्या हाती द्यायचा होता. पण ते येईपर्यंत एवढं बाड घेऊन चारचौघांत उभं राहायचं कसं? शेवटी त्यांनी तिथल्या एका सफरचंदवालीला गळ घातली आणि अर्ज तिच्या फळांच्या पाटाखाली दडवला. दोघींपैकी एक एमिली डेव्हिस, दुसरी तिशीच्या उंबरठ्यावरची एलिझाबेथ गॅरेट.

ही एलिझाबेथ 42 वर्षांनी, 9 नोव्हेंबर 1908 रोजी, सफक परगण्यातल्या ऑल्डबरो गावाची मेयर झाली. इंग्लंडमधली पहिली स्त्री मेयर. वय 72. गाव लहान, समुद्रकाठचं, कोळ्यांचं. आपल्या हिशोबाने तिला नगराध्यक्षच म्हणायला हवं. तिथली नगरपालिकेची जुनी इमारत, मूट हॉल, एकेकाळी गावाच्या मध्यावर होती. समुद्राने गाव खात खात आणलं आणि आता ती किनाऱ्यालाच लागून उभी आहे. याच गावात एलिझाबेथ वाढली होती. वडील न्यूसन गॅरेट इथले मेयर होते, नवरा स्केल्टन अँडरसनही. तो 1907 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी ही खुर्ची तिच्याकडे आली.

घराण्यातून चालत आलेला मान, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. स्त्रियांना नगरपालिकेवर निवडून येता येईल, मेयर होता येईल, हा कायदाच मुळी 1907 चा. आणि तोही कसा, तर मेयर असलेला पुरुष त्या पदाच्या जोरावर आपोआप न्यायदंडाधिकारी व्हायचा. बाई मेयर झाली तर तिला तेवढं मिळणार नाही, असं कलम त्यात घातलेलं. खुर्ची दिली खरी, पण तिचा एक पाय आधीच कापून ठेवला. शिवाय गावचा कारभार पाहणाऱ्या या बाईंना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हतं.

एलिझाबेथबाईंना अशा अर्धवट उघडलेल्या दारांची सवय होती. मुलीने डॉक्टर व्हायचं म्हटल्यावर वडील आधी भडकले, मग मात्र तिच्या पाठीशी पहाडासारखे उभे राहिले. लंडनच्या एका रुग्णालयात ती पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने शिकू लागली, तेव्हा त्या मुलांनी तिच्याविरुद्ध अर्ज दिला. डॉक्टरकीचा परवाना देणाऱ्या अपॉथिकरीज सोसायटीच्या सनदेत ‘व्यक्ती’ असा शब्द होता, ‘पुरुष’ नव्हता. तेवढ्या एका शब्दाला धरून, वडिलांनी कोर्टाची धमकी दिल्यावर, 1865 मध्ये तिला परीक्षेला बसू दिलं गेलं. ती उत्तीर्ण झाली आणि संस्थेने लगेच नियम बदलला, दुसरी कुणी त्या वाटेने येऊ नये म्हणून. 1873 मध्ये ती ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची सभासद झाली. पुढे तिथेही बायकांना बंदी आली आणि 19 वर्षं त्या सबंध संघटनेत ती एकटीच स्त्री राहिली.

‘पहिली’ या शब्दाचं आपल्याला फार कौतुक. त्या 19 वर्षांतल्या सभांमध्ये ती कशी बसत असेल, हे मात्र माझ्या मनातून जात नाही. ‘पहिली’ आणि ‘एकटी’ यांत किती थोडं अंतर असतं!

म्हणून तिच्या पदांपेक्षा मला तिची शाळा मोठी वाटते. सोफिया जेक्स-ब्लेक यांनी 1874 मध्ये स्थापलेल्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत एलिझाबेथबाई शिकवत आणि 1883 पासून 1902 पर्यंत त्या तिच्या डीन होत्या. लादलेल्या लग्नाचा खटला सोसून 1889 मध्ये विलायतेला गेलेल्या आपल्या रखमाबाई शिकल्या त्या याच शाळेत. 1894 मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि पुढे सुरतेत वर्षानुवर्षं त्यांनी बायकांवर उपचार केले. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायची चोरी असलेल्या घरांतून बाया त्यांच्याकडे येत. ऑल्डबरोच्या किनाऱ्यापासून सुरत किती लांब! पण लंडनमध्ये कुणीतरी दार धरून ठेवलं, त्याचा उपयोग सुरतेतल्या बाळंतिणीला झाला.

नोव्हेंबर 1910 मध्ये, 74 वर्षांच्या एलिझाबेथबाई मताधिकार चळवळीच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्ट यांच्याबरोबर पुन्हा पार्लमेंटच्या दाराशी गेल्या. मागणी तीच, सफरचंदांखाली दडवलेली. या वेळी लपवाछपवी नव्हती; बायकांचा मोठा जमाव पाठीमागे होता आणि पोलिसांनी त्या बायकांना निर्दयपणे ढकललं, मारलं. तो दिवस इंग्लंडमध्ये ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो.

17 डिसेंबर 1917 रोजी ऑल्डबरोतच त्या गेल्या. तिशीवरच्या बऱ्याच स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा झाला 6 फेब्रुवारी 1918 ला. मध्ये जेमतेम सात आठवडे.

त्या गेल्या तेव्हा महायुद्ध चालू होतं. लंडनच्या एंडेल स्ट्रीटवर 573 खाटांचं एक लष्करी रुग्णालय जखमी सैनिकांनी भरलेलं होतं. तिथे डॉक्टर सगळ्या बायका. मुख्य सर्जन होती लुइसा, त्यांची मुलगी.