नऊ डाव, एक डाव

नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवावी आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास बक्षीस द्यावे, अशी कल्पना आमच्या वरोऱ्यातील काही युवकांनी मांडली, तेव्हा नियमावली लिहून देण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. काम अर्ध्या तासाचे वाटले होते. गावोगावच्या कबड्डी स्पर्धांचे फलक आपण सर्वांनीच वाचले आहेत. त्यांची शेवटची ओळ ठरलेली असते : पंचांचा निर्णय अंतिम राहील व वेळेवर नियमांत बदल करण्याचा अधिकार आयोजकांकडे राहील. ती ओळ आम्ही सर्वांत आधी लिहून टाकली. मग वर लिहिले : प्रवेश फी दहा रुपये, पुन्हा खेळावयाचे असल्यास पुन्हा दहा रुपये, सर्वांत मोठा आकडा ज्याचा, त्याचे बक्षीस. जमणारा पैसा प्रार्थनागृहाच्या छपरासाठी वापरावयाचा होता. ह्यात काही वावगे आहे, असे आमच्या मनातही आले नाही.

स्पर्धा आनंदात पार पडली. पहिल्या आलेल्या मुलाने नऊ डाव खेळले होते, दुसऱ्या आलेल्या मुलीने एक. दोघांच्या गुणांत अंतर फार थोडे होते. मुलीने कुरकुर केली नाही. तिचे वडील मजुरीला जातात. निघताना त्यांनी आम्हांस बाजूला घेऊन इतकेच विचारले, “सर, अजून ऐंशी रुपये असते तर पोरीचा नंबर लागला असता का जी?”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. आम्हांस उत्तर देता आले नाही.

त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. समजा, दोन मुले अगदी तोडीस तोड आहेत. एक मूल एकच डाव खेळते, दुसरे नऊ. एकूण डाव झाले दहा. ह्या दहांतील सर्वांत मोठा आकडा कोणत्या डावात निघेल? दोघांचा हात सारखाच असल्याने दहाही डावांना संधी सारखीच; पण त्यांपैकी नऊ एकाचे. म्हणजे कौशल्यात तिळमात्र फरक नसताना एकाची बाजू दहांत नऊ आणि दुसऱ्याची दहांत एक. खेळता खेळता हात बसतो, हे तर आम्ही अजून हिशेबात धरलेलेच नाही. शर्यतीत एकदाच धावावयाचे असते. उच्चांकाच्या स्पर्धेत मात्र फसलेले डाव पुसून जातात आणि साधलेला एकच उरतो, म्हणून जो अधिक डाव विकत घेऊ शकतो, त्याच्याकडे ती कलते. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ऐंशी रुपयांनी मुलीचा नंबर लागलाच असता असे नाही, परंतु दोघांची संधी निम्मी-निम्मी झाली असती.

नऊ डाव खेळणाऱ्या मुलाने कोणतीही लबाडी केली नव्हती. त्याने आमचा नियम पाळला. अन्याय नियमातच होता आणि नियम आमच्या हातचा होता.

स्पर्धेतील न्यायाचा विषय निघाला, की आपण प्रथम लबाडाचा विचार करतो. व्हिडिओ गेमच्या जगात तशा कथा पुष्कळ आहेत. अमेरिकेत आयोवा राज्यातील ऑटम्वा ह्या लहान गावी १९८१ साली ‘ट्विन गॅलॅक्सीज’ नावाचे खेळघर निघाले आणि पुढे ते उच्चांकांची नोंदवही ठेवू लागले. त्याच सुमारास ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी टीव्हीच्या पडद्यावरील आकड्याचा फोटो पाठवणाऱ्या खेळाडूस कपड्यावर शिवावयाचे भरतकामाचे बिल्ले पाठवीत असे. सारा व्यवहार विश्वासावर चाले. ‘ड्रॅगस्टर’ ह्या मोटारशर्यतीच्या खेळात १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम मान्य होता. कोणी तरी खेळाच्या आज्ञावलीचाच कसून अभ्यास केला, तेव्हा ५.५७ सेकंदांहून कमी वेळ शक्यच नाही असे दिसले आणि जानेवारी २०१८ मध्ये तो विक्रम नोंदवहीतून काढण्यात आला. त्याच वर्षी ‘डाँकी काँग’च्या काही गाजलेल्या गुणसंख्याही मूळ यंत्रावर झाल्या की नाही, ह्या वादात रद्द ठरल्या, ते प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये तडजोडीने मिटले. ह्या कथा रंजक आहेत. आमच्या दिवाणखान्याएवढ्या सभागृहात मात्र पंच यंत्राशेजारीच बसला होता. तेथे लबाडीला वाव नव्हता, आणि तरीही मुलीवर अन्याय झालाच.

उलट एक जुने उदाहरण आम्हांस उपयोगी वाटते. १९९० साली अमेरिकेत ‘निन्टेंडो’ कंपनीने मोठी स्पर्धा भरवली. प्रत्येकास नेमकी ६ मिनिटे २१ सेकंद मिळत. तेवढ्यात ‘मारिओ’मध्ये पन्नास नाणी गोळा करावयाची, मग मोटारशर्यत पुरी करावयाची आणि उरलेल्या वेळात ‘टेट्रिस’ खेळावयाचे. शर्यतीचे गुण दहापट आणि टेट्रिसचे पंचवीसपट धरून बेरीज होई. जाणते खेळाडू अर्थातच आधीचे दोन्ही खेळ घाईने उरकून टेट्रिस गाठीत. गुणांची ही पट अमुकच का, असा वाद कोणी घालू शकेल. परंतु घड्याळ सर्वांना एकच होते आणि खिशातून नोट काढून ते मागे फिरवता येत नव्हते.

आपल्या देशात हा प्रश्न बक्षीस-स्पर्धांच्या संदर्भात फार पूर्वीच न्यायालयात गेला. बंगलोरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्यांच्या स्पर्धेवर मुंबई राज्याने आपल्या १९४८ च्या कायद्याखाली कर बसवला. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला. (आदल्याच नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात सामील झाला होता.) यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असेल तर ती स्पर्धा जुगार नव्हे, हे तत्त्व त्या प्रकरणांतून रूढ झाले. आम्हांस हे वाचून प्रथम हायसे वाटले, कारण व्हिडिओ गेम कौशल्याचाच खेळ. पण क्षणभरच. खेळ कौशल्याचा असूनही त्याभोवतीची स्पर्धा पैशाची होऊ शकते. २०२५ साली केंद्र शासनाने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घातली. मात्र ई-स्पोर्टच्या स्पर्धेसाठी केवळ प्रवेशाची किंवा व्यवस्थेच्या खर्चाची फी घेण्यास आणि कामगिरीनुसार बक्षीस देण्यास मोकळीक ठेवली. आमची स्पर्धा ऑनलाइन नव्हती, तो कायदा तिला लागू नाही. पण त्यातील भेद मोलाचा आहे. पहिले दहा रुपये प्रवेशाचे होते. दुसरे दहा रुपये कशाचे होते? प्रवेश तर झालेलाच होता. ते संधी वाढवण्याचे मोल होते.

कॅथोलिक धर्मशिकवणीचा ‘कॅटेकिझम’ हा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील २४१३ व्या परिच्छेदात खेळ आणि पैज ह्यांचा विचार आहे. दैवाचे खेळ वा पैजा स्वभावतःच न्यायाविरुद्ध नाहीत. परंतु त्यांपायी कोणाच्या घरचे आवश्यक ते हिरावले जाऊ लागले, की त्या अमान्य ठरतात, आणि खेळातील फसवणूक ही गंभीर बाब आहे, असे तेथे सांगितले आहे. मात्र नुकसान इतके क्षुल्लक असेल की सोसणाऱ्याला त्याचे काहीच वाटू नये, तर गोष्ट वेगळी, अशी सूटही तेथे आहे. ह्या सुटीत आम्ही बराच वेळ आश्रय शोधला. दहा रुपये क्षुल्लकच नव्हेत काय? पण क्षुल्लक कोणास, हे ठरवण्याचा अधिकार दहा रुपये घेणाऱ्यास नाही. ग्रंथातील शब्दयोजनाही सोसणाऱ्याच्याच बाजूने आहे.

पैसा तर देवाच्या घराच्या छपराला होता, असे आमच्यातील एकाने म्हटले. चांगले व्हावे म्हणून वाईट करावे काय, ह्या प्रश्नाचा निकाल संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात लावून टाकला आहे. तो येथे पुन्हा उगाळत नाही. सणाच्या दिवशी आपण हाउझी खेळतो, रॅफलची तिकिटे खपवतो. त्यांवर आमचा रोष नाही आणि ती बंद करा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. दहा तिकिटे घेणाऱ्याची संधी दहापट, हे तेथे उघड असते, आणि आपण हुशार म्हणून जिंकलो, असे जिंकणारा घरी जाऊन सांगत नाही. आमच्या स्पर्धेत प्रमाणपत्रावर ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’ असे छापले होते.

आता त्या शेवटच्या ओळीविषयी. वेळेवर नियम बदलण्याचा अधिकार आयोजकाकडे कसा येतो? द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आम्हांस ऐकवण्यात आला : त्याने उशिरा आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली आणि कुरकुरणाऱ्यांना विचारले, की माझ्या मालकीचे मी मला हवे तसे वापरू नये काय? परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सकाळी आलेल्यांशी ठरलेला दीनार त्याने पूर्ण दिला. ठरलेले मोडले नाही. आणि जे उदारपणे वाटले, ते त्याचे स्वतःचे होते. स्पर्धेचा आयोजक मळ्याचा मालक नव्हे. बक्षिसाची रक्कम मुलांच्याच फीतून जमलेली असते. तो तिचा केवळ कारभारी. एकाचे दहा रुपये दुसऱ्यावर मेहेरबानी करण्यासाठी वापरण्याचा त्यास अधिकार नाही. पंचाचा निर्णय अंतिम असावा, कारण कोठे तरी थांबावे लागते. परंतु नियम मात्र नावनोंदणीपूर्वी, कोण येणार हे ठाऊक नसताना लिहिलेला असावा आणि तो लिहिणाऱ्यासही बांधून ठेवणारा असावा.

तथापि सर्वांना एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला, असेही नाही. आपल्या जिल्ह्यांत गावोगावी कबड्डीचे सामने वजनगटाने होतात. पंचावन्न किलोच्या पोरास ऐंशी किलोच्या गड्यापुढे उभे करून ‘दोघांना मैदान एकच’ असे म्हणणे कोणास पटणार नाही. मग ज्याच्या घरी खेळयंत्र आहे आणि ज्याने रिमोट कधी हातातच धरला नाही, त्या दोघांचे काय? वजन काट्यावर मोजता येते. घरातील सुबत्ता मोजण्यासाठी मुलांना रांगेत उभे करून विचारणा करणे आम्हांस लाजिरवाणे वाटले. म्हणून गट वयाचेच ठेवले, सहसा कोणाच्या घरी नसलेला खेळ निवडण्याचे ठरवले आणि प्रत्येकास सारखा पाच मिनिटांचा सराव ठेवला.

एक अडचण मात्र सुटली नाही. गावालगतच आनंदवन आहे. तेथील अंध विद्यालयातील मुले आमच्या कार्यक्रमास आली तर? ज्या खेळातील सारे काही पडद्यावरच घडते, तेथे कोणताही नियम अंध मुलास न्याय देऊ शकत नाही. उत्तेजनार्थ बक्षीस द्यावे, असे कोणी सुचवले. ज्या भूमीत बाबा आमटे यांनी भिक्षेऐवजी श्रमाला मान दिला, तिच्या कुंपणाशेजारी राहून आम्ही असले बक्षीस कोणत्या तोंडाने देणार? स्पर्धेसोबत कानाने खेळावयाची दुसरी स्पर्धाही ठेवावी, इतकेच आम्हांस सुचले आहे.

हे खेळच बंद करा, असे म्हणणारी वडीलधारी मंडळीही आहेत. त्यांना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांची आठवण देतो. मनाला खेळाची विश्रांती हवी, हे सांगताना त्यांनी संत योहानाची कथा दिली आहे : सतत ताणलेले धनुष्य मोडते, हे त्याने एका तिरंदाजाकडूनच वदवून घेतले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदास पोहोचलेला पंधरा वर्षांचा कार्लो अक्युतिस व्हिडिओ गेम खेळत असे, आणि आठवड्यास एक तास ही मर्यादा त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतली होती, असे त्याच्याविषयी सांगतात.

नवी नियमावली आता लिहून झाली आहे. फी एकदाच, डाव प्रत्येकास दोन, त्यांतील मोठा आकडा धरावयाचा. बरोबरी झाल्यास बक्षीस विभागून द्यावयाचे. मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली होती, तेव्हा सोडतीस आमचा विरोध नव्हता, पण मुलांनाच विभागणी बरी वाटली. ज्यांना वाटेल तितक्या वेळा खेळावयाचे आहे, त्यांच्यासाठी बाजूला बिनबक्षिसाचे यंत्र. छपराचा पैसा त्यातून. आयोजकांच्या घरच्यांना आणि यंत्र देणाऱ्याच्या घरच्यांना स्पर्धेत प्रवेश नाही.

ह्या शेवटच्या कलमाने आमची झोप उडवली आहे. यंत्र ज्यांचे, त्यांचा मुलगा बारा वर्षांचा. यंत्र द्या, असा हट्ट वडिलांकडे त्यानेच धरला होता. फलक लागला त्या दिवशी तो बराच वेळ वाचत उभा होता. मग आमच्याकडे येऊन म्हणाला, की यंत्र दिले नसते तर मला खेळता आले असते ना? नियम त्याच्या नावावरून केलेला नाही, हे आम्ही त्यास समजावले आणि ते खरेही आहे. पहिला डाव दाखवण्यासाठी त्याने खेळावा, स्पर्धेबाहेर, अशी तोड निघाली आणि त्याने मान हलवली. त्या मुलीच्या वडिलांना हे सारे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “त्या पोरालाही खेळू द्या ना जी.” कलम अजून फलकावर आहे, नावनोंदणी रविवारी मिस्सानंतर सुरू होते.