मजुराचा जीव कोणाच्या माथीं?

गवंडी परांचीवरून पडून मरण पावला, कीं नांदेड-लातुराकडील गांवांत दोनच शब्द ऐकूं येतात : "त्याचें नशीब." ह्या शब्दांनीं कोणाचें समाधान होतें, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवितों. त्याच्या विधवेचें तर होत नाहीं. होतें तें घरमालकाचें व ठेकेदाराचें.

लातूर जिल्ह्यांतील लोकांनीं तरी ही भाषा सोडावी. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां त्या भागांत हजारों माणसें झोपेंतच दगावलीं. भूमीचें हालणें मनुष्याच्या हातचें नव्हतें; परंतु नुसत्या मातींत रचिलेल्या दगडी भिंती व त्यांवरील जड माळवदें हीं मनुष्याच्याच हातचीं होतीं. म्हणून पुढें तेथील घरें निराळ्या रीतीनें बांधण्यांत आलीं. जें बदलतां येतें, त्यास नशीब म्हणूं नये.

मजुराचें पडणेंही बदलतां येतें. परांचीचे दोर रोज तपासणें, तिच्या कडेस आडवा बांबू बांधणें, उंचावर चढणारास टोप व कमरपट्टा देणें, स्लॅब पक्का होण्यापूर्वीं सेंट्रिंग न काढणें, ह्यांत गूढ कांहींच नाहीं. थोडा पैसा व थोडा वेळ लागतो. तो वांचविण्याकरितां दुसऱ्याचा जीव पणास लावण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

कोणी म्हणेल, "मजूर आपल्या खुषीनें चढतो." पण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याची खुषी कितपत मोकळी असणार? "उद्यां येऊं नकोस" हे शब्द ऐकावे लागतील, ह्या भयानें तो चढतो.

सरकारनें १९९६ सालीं बांधकाम मजुरांकरितां कायदा केला. परंतु दहा लक्षांपर्यंत खर्चाचें स्वतःचें राहतें घर बांधणारा त्यांतून वगळिला होता. खेड्यांतील बहुतेक घरें अशींच. जेथें निरीक्षक येत नाहीं, तेथें मालकाचा विवेक हाच निरीक्षक होय. मोशेच्या नियमशास्त्रांतही नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याचें काम घर बांधणारावरच टाकिलें आहे; तेथून कोणी पडून मेल्यास रक्तदोष त्याच्या घरास लागतो. म्हणजे कर्तव्य अपघाताच्या आधींचें आहे, नंतर हळहळण्याचें नव्हे.

यास्तव, वाचकहो, घर बांधावयास काढाल तेव्हां ठेकेदारास भावाबरोबर हेंही विचारा : "वर चढणाऱ्यांसाठीं काय व्यवस्था केली आहे?" तिचा खर्च कुरकुर न करितां द्या. घरभरणीच्या पंक्तींत त्या घराचा गवंडीही जेवावयास बसलेला दिसावा.