बुचांचं लुगडं

कोल्हारात प्रवरेच्या काठाला एक घर होतं. घरात एक आजी होती, तिचा शेतकरी मुलगा होता, सून होती आणि मुंबईला चित्रकला शिकणारा नातू होता.

भगवतीमातेच्या यात्रेला नातू आला, तो तीन मित्रांना घेऊनच. चौघांना बंद पडलेल्या एका गुऱ्हाळाच्या शेडमध्ये प्रदर्शन मांडायचं होतं. रंग नको, कॅनव्हास नको, दिसेल त्या वस्तूतून काम करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. इटलीत १९६७ साली काही तरुण कलाकारांनी असंच कोळसा-मातीतून काम मांडलं आणि त्याला ‘गरीब कला’ नाव पडलं, हे त्यांनी वाचलं होतं. नातवाच्या मनात मात्र एक साडी भरली होती. मुंबईच्या कलाकार शर्मिला सामंत यांनी कोका-कोलाच्या बाटल्यांची बुचं गुंफून केलेली.

त्यानं भंगारवाल्याकडून पोतंभर बुचं किलोवर आणली. ओसरीवर बसून एकेका बुचाला खिळ्यानं भोक पाडलं, तारेत ओवलं. बोटं सोलून निघाली. आठ दिवसांत पदर तयार झाला. उन्हात धरला की झगमगायचा.

आजी शेजारी गोधडी शिवत होती. तिनं चष्मा वर सारून पाहिलं.

“चांगलं झालंय. पण बाळा, एवढ्या बाटल्या प्यालं कोण?”

“काय माहीत? भंगारातली आहेत.”

“बरं,” म्हणाली, आणि पुन्हा धावदोरा घालू लागली.

त्या रात्री थंडी फार होती. नातवानं तिची जुनी गोधडी ओढून घेतली आणि सहज विचारलं, “आजी, हा निळा तुकडा कशाचा?”

“तुझ्या आजोबांच्या शर्टाचा. कारखान्यावर ऊस घेऊन जायचे तेव्हाचा. खांद्याला विरला होता.”

“हा लाल?”

“तुझ्या आईचं लुगडं. तुझ्या वेळची बाळंतीण होती.”

एका कोपऱ्यात आत काहीतरी जाड लागत होतं. आजीनं न बघताच सांगितलं, “ते तरट. माझं माहेर पारनेरकडचं. ७२च्या दुष्काळात मिलो ज्वारी आली, त्या पोत्याचं. दिवसभर खडी फोडायची आणि रात्री ते अंगावर घ्यायचं. टाकवलं नाही.”

नातू बराच वेळ जागा होता.

सकाळी तो बापाबरोबर शेतात गेला. बांधावर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडली होती. उंदरांनी जागोजाग कुरतडलेल्या. प्रत्येक भोकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळून बांधलेली. एका नळीवर त्यानं मोजल्या, सतरा पट्ट्या निघाल्या.

प्रदर्शनात त्यानं बुचांचा पदर एका बाजूला ठेवला आणि काहिलीच्या जागेवर आढ्यापासून नळ्या सोडल्या. पुसल्या नाहीत, माती तशीच ठेवली.

यात्रेतली माणसं आली. पोरं बुचं वाजवून बघत होती. मोठ्यांनी पदराचे फोटो काढले आणि पुढे गेली. संध्याकाळी फडावरून टोळीतली एक ऊसतोड बाई कडेवर पोर घेऊन आत आली. नळ्यांपाशी थांबली. एक पट्टी चिमटीत धरून म्हणाली, “ही गाठ बाईमाणसाची हाय.”

“कशावरून?” नातवानं विचारलं.

“आम्ही वाढ्यानं मोळी अशीच बांधतो. दोनदा पिळायचं आन् शेंडा आत दाबायचा.”

दाराशी नातवाची आई उभी होती. बापाच्या बरोबरीनं तिनंही त्या नळ्या वर्षानुवर्षं बांधल्या होत्या. नातवानं तिला कधी विचारलं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि हसली.

घरचं साहित्य आणि उसनं साहित्य यांत फरक असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे चित्रकार प्रभाकर पाचपुते भिंतीवर कोळशानं चित्रं काढतात. त्यांच्या घरच्या तीन पिढ्या खाणीत राबल्या, कोळशाशी नातं त्यांना बाहेर शोधावं लागलं नाही. कोका-कोला १९९३ साली देशात परतला आणि त्याच दशकात शर्मिला सामंत यांनी ती साडी गुंफली. त्या बुचांतून त्यांना काही जाब विचारायचा होता. आपल्या नातवानं त्यांचं सामान तेवढं उसनं आणलं, भांडण आणलं नाही. नळ्यांच्या वेळी त्याला काहीच आणावं लागलं नाही. आणि वेगळं साहित्य म्हणून जे शहरात नावाजलं जातं, ते त्या घरातल्या बायका कुणी न सांगता हाताळत होत्याच.

यात्रा पांगली. दुसऱ्या दिवशी बापानं शिडी लावून नळ्या उतरवल्या, खोडव्याला पाणी द्यायचं होतं. बुचांचा पदर माळ्यावर गेला.