आकृतीबाहेरचा डोळा

लेसरची लाल किरणकांडी घरी जोडणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. दोन सेल, एक बटण, एक रोधक, एक इवलासा लेसर डायोड आणि त्याच्यापुढे बसवायचे भिंग, सामग्री एवढीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या पुतण्याने हा उद्योग आरंभला. त्याच्या शेजारी बसून ती जोडणी पाहता पाहता माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला. आपल्या हातांनी घडवलेल्या वस्तूची जबाबदारी आपल्यावर असते, हे सर्वांनाच मान्य आहे. पण ती नेमकी कुठवर?

आधी जोडणी पाहू. दोन सेल मिळून ३ व्होल्ट देतात. लाल किरणाच्या लहान डायोडला सुमारे २.२ व्होल्ट आणि २५ मिलिअँपिअर पुरतात. उरलेले ०.८ व्होल्ट रोधकाने अडवायचे. हिशेब ३२ ओहमचा येतो, म्हणून बाजारात मिळणारा ३३ ओहमचा रोधक लावायचा. "काका, हा नसला तर काय बिघडेल? उजेड जास्तच पडेल ना?" पुतण्याने विचारले. मी त्याला सांगितले, की डायोडला स्वतःहून थांबणे ठाऊक नसते. तो तापला की तेवढ्याच व्होल्टला अधिक प्रवाह ओढतो, अधिक प्रवाहाने अधिक तापतो, आणि पाहता पाहता त्याच्या टोकांचे आरशासारखे पृष्ठभाग जळून जातात. मग उरतो तो साध्या खुणेच्या दिव्यासारखा मंद लाल उजेड. किरण गेलेला असतो.

इथे संयमावर प्रवचन करण्याचा मोह मला झाला, हे कबूल करतो. रोधक म्हणजे संयम. तो नसेल तर तेज स्वतःलाच जाळते! दृष्टान्त आयताच हाती आला होता. पण दुसऱ्या दिवशी पुतण्याने तो मोडून काढला. एका बिघडलेल्या डीव्हीडी रायटरमधला डायोड त्याने सोडवून आणला. तबकडीवर लिहिण्यासाठी केलेला हा डायोड शंभर मिलिवॅटच्याही पुढे जाऊ शकतो. मुलाने त्याच्याही रोधकाचा हिशेब चोख मांडला. आकृतीत बोट ठेवायला जागा नव्हती. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की रोधक वाचवतो तो डायोडला. समोरच्या डोळ्याला नव्हे. ज्याला मी संयम म्हणत होतो तो केवळ स्वतःचा बचाव होता.

डोळ्याची गोष्ट अशी आहे. दिव्याचा उजेड चहूकडे पसरतो. लेसरचा किरण जवळजवळ सरळ रेषेत येतो आणि डोळ्यातले भिंग त्याला दृष्टिपटलावर सुईच्या टोकाहूनही बारीक ठिपक्यात गोळा करते. एवढ्याने त्याची तीव्रता लाखपटीच्या घरात वाढते. किरण एक मिलिवॅटच्या आत असेल तर पाव सेकंदात मिटणारी पापणी डोळा वाचवते. किरण त्याच्या शंभरपट झाला, की पापणी मिटण्याआधीच इजा होऊन जाते. आणि दृष्टिपटलाला वेदना नसते.

या शेवटच्या गोष्टीत सारा नैतिक पेच साठलेला आहे. कोणी म्हणेल, चाकूनेही बोट कापते. म्हणून मुलांच्या हाती चाकू द्यायचाच नाही काय? आक्षेप रास्त आहे. पण चाकू लागला की माणूस ओरडतो, आणि त्या ओरडण्याने आपला हात थांबतो. आपली बरीचशी नीती अशा आर्त हाकेवर उभी आहे. दुःख दिसले, ऐकू आले, की करुणा जागी होते. इथे हाकच नाही. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर महाराष्ट्रात लेसरच्या झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा मिरवणुका केव्हाच आटोपल्या होत्या. हाक येत नाही तिथे करुणेचे काम ज्ञानालाच करावे लागते.

"पण माझा तसा हेतू नव्हता," हे आपले नेहमीचे उत्तर. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून साधला. १९६२ साली तो अर्धवाहकातूनही निघाला. १९९५ साली राष्ट्रांनी करार करून, माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या लेसर शस्त्रांवर बंदी घातली. त्या करारात हेतूला मोठे महत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे. हेतूवाचून अपराध ठरवता येत नाही. परंतु हेतूवरून ठरतो तो दोष. कर्तव्य ठरते ते ज्ञानावरून. दृष्टिपटल कोणाचा हेतू विचारीत नाही. विकतच्या कांडीची मर्यादा दुसऱ्या कोणी तरी ठरवलेली असते. तीही नेहमी पाळली जाते असे नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१३ साली तपासलेल्या १२२ कांड्यांपैकी हिरव्या किरणाच्या जवळजवळ नव्वद टक्के मर्यादेबाहेरच्या निघाल्या. पण स्वतः वस्तू जोडणाऱ्याला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचीही सोय नसते. कारागीर होण्याचा आनंद घेतला, की कारखानदाराचे उत्तरदायित्वही पदरात पडते.

विद्युत्मंडलाची आकृती मोठी समाधानकारक असते. सेलच्या एका टोकातून निघालेली रेघ फिरून दुसऱ्या टोकाला मिळते; सारे बंदिस्त. त्यातून एकच गोष्ट बाहेर जाते, ती म्हणजे प्रकाश, आणि तो परत येत नाही. तो कुठे संपतो हे आकृतीत काढलेले नसते. माझ्या मते आपली जबाबदारी तिथवर असते, जिथे तो संपतो.

म्हणून मी मुलाला मनाई केली नाही. मनाईने हात थांबतो, समज वाढत नाही. मी त्याला फक्त म्हटले, "आकृती पुरी कर. किरण कुठे जाईल तेही काढ." तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मोठा डायोड त्याने डबीत घालून ठेवला. लहान डायोडची जोडणी संध्याकाळी पुरी झाली. बटण दाबण्यापूर्वी तो उठला, कपाटाच्या आरशावर त्याने टॉवेल टाकला, आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "काकू, जरा थांब हं, आत येऊ नकोस."