रसना आणि संयम

शरद ऋतूत अमेरिकेत मित्रमंडळी भोपळ्याच्या निरनिराळ्या बीअर चाखून त्यांची तुलना करतात. वसाहतकाळी तेथे माल्टची टंचाई होती, म्हणून भोपळा आंबवीत. आज स्वाद बहुधा दालचिनी-जायफळाचाच असतो. अभावातील तडजोड चैन झाली. मद्य वर्ज्य मानणाऱ्या आम्हांस याचे हसू येईल. परंतु एकादशीस कोणाची साबुदाण्याची खिचडी सरस, ही चर्चा आमच्याही पंक्तीत रंगते. साबुदाणा ज्या कंदाचा, तोही मूळचा अमेरिकेचाच! खिचडीने धुंदी चढत नाही, हे खरे. रुचीचे तारतम्य जाणणे हा जिभेचा धर्म आहे. त्यात आम्ही पाप मानीत नाही. मात्र उपवास कशासाठी आरंभिला, याचेच विस्मरण झाले, तर वर्ज्य पदार्थ टाळूनही संयम साधला, असे आम्हांस म्हणता येणार नाही.