ज्याला मोडीचा भाव नाही

‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आपण इतक्या सहज वापरतो की त्यातली ‘मोड’ कोणती, याचा विसर पडला आहे. मोड म्हणजे फुटकी, चेपलेली, कान तुटलेली तांब्या-पितळेची भांडी. दिवाळीपूर्वी ती माळ्यावरून खाली काढायची, भांडीवाल्याकडे न्यायची, तो वजन करून घट धरणार आणि उरलेल्या रकमेत थोडी भर घालून धनत्रयोदशीला नवी कळशी घरात येणार. पवारांच्या मागोमाग धार-देवासला आलेल्या आपल्या घरांच्या बोलीत हिंदी पुष्कळ मिसळली. पण मोड ही मोडच राहिली. गंमत अशी की आज मोडीत काढणे म्हणजे निकामी ठरवून टाकून देणे. मूळ व्यवहारात मात्र टाकणे मुळी नव्हतेच. धातूला म्हातारपण नाही, असेच त्यात गृहीत धरले होते.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे छांदोग्य उपनिषद आठवल्यावाचून राहत नाही. सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचा गोळा, सोन्याचा गोळा आणि नखे काढण्याची लोखंडी नराणी अशी तीन उदाहरणे देतो. घडण बदलते, नाव बदलते, मूळ द्रव्य तेच. त्याच अध्यायात पुढे मिठाचा खडा येतो. रात्री पाण्यात टाकलेला खडा सकाळी हाती लागत नाही; पण पाणी वरून चाखा, मधून चाखा, तळाचे चाखा, खारटच. दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे.

हा मिठाचा खडा मला अलीकडे वारंवार आठवतो तो एका वेगळ्याच पाण्यावरून. आमचे तिरला गाव धारपासून जवळ, आणि पिथमपूरची औद्योगिक वसाहत याच जिल्ह्यातली. आमच्या शाळेतून गेलेली कितीतरी मुले तेथे कामाला आहेत. त्यांतला एक सुट्टीत भेटायला आला तेव्हा म्हणाला, “सर, मी लोखंडाचं लोणचं घालतो.” पत्र्यावर जस्त चढवण्यापूर्वी त्यावरचा गंज नि पापुद्रा तेजाबात बुडवून काढावा लागतो, त्या कामाला कारखान्यात ‘पिकलिंग’ म्हणतात. मी एम.ए. तत्त्वज्ञानाचा, रसायनशास्त्र मला असे विद्यार्थ्यांकडूनच शिकावे लागते.

तर त्या हौदात पत्र्यामागून पत्रे बुडतात, आम्लात लोखंड विरघळत जाते, आणि एक दिवस त्यात लोखंड इतके होते की आम्लाची धार संपते. मग तो हौद ‘वाया गेला’. श्वेतकेतूच्या खड्यासारखे लोखंड त्यात आहे, दिसत मात्र नाही. आणि हे पाणी चाखून पाहा, असे कोणताही बाप मुलाला सांगणार नाही.

पुढे तीन वाटा फुटतात. पहिली, रात्री टँकर नाल्यावर नेऊन उपडा करण्याची. तिच्याविषयी वेगळे बोलायला नको. दुसरी, चुना घालून आम्ल मारण्याची. आम्ल मरते, धातू गाळात बसतो आणि तो गाळ पुरायला जागा लागते. कायद्याला ही वाट चालते. तिसरी वाट धातू परत काढण्याची. गंधकाम्ल असेल तर ते थंड करतात, की हिरवट खडे खाली बसतात आणि उरलेले आम्ल पुन्हा हौदात जाते. हे खडे म्हणजे आपल्या आजीच्या ओळखीचा हिराकस. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई करीत, ती वापरलेली माणसे आमच्या लहानपणी होती. मिठाचे आम्ल असेल तर मोठे पोलाद कारखाने ते तापलेल्या मनोऱ्यात भाजतात. आम्लाची वाफ पुन्हा पाण्यात धरतात आणि खाली लोखंडाची तांबडी भुकटी उरते. तिच्यापासून लाउडस्पीकरमधले चुंबक तयार होतात. गणपतीच्या मांडवात कान किटवणाऱ्या कर्ण्यात कोठल्या तरी हौदातला गंज असू शकतो!

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट त्या मुलाने जाता जाता सांगितली. जस्त चढवताना बिघडलेला माल पुन्हा तेजाबात घालून त्याचे जस्त उतरवतात. ते त्याच हौदात उतरवले, तर लोखंड आणि जस्त एकत्र होऊन दोन्ही काढणे अवघड होते. दोन हौद वेगळे ठेवले तर दोन्ही कामाचे. म्हणजे कचरा ही वस्तूची जात नसून पुष्कळदा आपल्या आळसाची जात असते.

स्थान बदलले की पदार्थाचा धर्म बदलतो, हे शाळेत मी दर आठवड्याला पाहतो. मुलांना लोहाची निळी गोळी देतात, तिच्यात फेरस सल्फेट असते. हिराकसही रसायनाने तेच, फक्त गोळीतले औषधी शुद्धतेचे. मुलीच्या रक्तात जे कमी म्हणून आपण गोळी देतो, तेच तिच्या विहिरीत उतरले तर पाणी पिण्याजोगे राहत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. कचऱ्यात धन आहे, ते काढा. सोन्याच्या बाबतीत माणसाने हे कधीच ओळखले होते. सराफ्यातली राख-माती विकत घेऊन त्यातून सोन्याचा कण काढणारे झारेकरी, ज्यांना आपल्याकडे हिंदीत न्यारिये म्हणतात, हे हेच करीत आले. १९४०च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची सोन्याची नोबेल पदके ठेवलेली होती. जॉर्ज द हेवेशी यांनी ती आम्लराजात विरघळवली. फळीवरच्या त्या बाटलीकडे शत्रूचे लक्ष गेले नाही. युद्धानंतर सोने परत काढले आणि त्यातून पदके पुन्हा घडवली गेली. ती तीच पदके का, यावर वर्गात तासभर वाद घालता येतो.

पण या दोन्ही गोष्टींत सोने होते, आणि घोडे पेंड खाते ते येथेच. झारेकरी सोनाराच्या दारी बसतो, लोहाराच्या नाही. तांबे, निकेल, जस्त यांचे भाव चढले की आम्लातून ते काढणारे पुढे येतात. भाव उतरले की हौद पुन्हा ‘वाया जातो’. आम्लाला बाजारभाव कळत नाही. ते दोन्ही दिवशी सारखेच जाळते.

इमान्युएल कांटने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एक दुकानदार उभा केला आहे. लहान मूल आले तरी तो भाव वाढवून सांगत नाही. कारण प्रामाणिकपणाने गिऱ्हाईक टिकते. कांट म्हणतो, वागणे योग्य, पण ते कर्तव्यबुद्धीने नव्हे. तरुणपणी मला हा कांटचा सोवळेपणा वाटे. मुलाला योग्य भाव मिळाला ना, मग दुकानदाराच्या मनात डोकावायचे कशाला? विहिरीच्या बाजूनेही असेच म्हणता येईल. आम्ल आले नाही, पुरे झाले. कारखानदाराने धर्म पाहिला की नफा, त्याच्याशी विहिरीला काय करायचे?

विचारांती मला कांटचे म्हणणे पटते, ते थोड्या वेगळ्या कारणासाठी. हेतूचे महत्त्व भाव चांगला असलेल्या दिवशी दिसत नाही. तो उतरल्या दिवशी दिसते. नफ्यासाठी स्वच्छ असलेला मनुष्य नफा संपताच कसा वागेल, ते त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. त्या दिवसासाठी कायदा लागतो. आपल्या शेजारच्या रतलामचा खटला प्रसिद्ध आहे. उघडी गटारे, मैला, मद्यार्काच्या कारखान्यातून वाहत येणारे घाण पाणी, अशा तक्रारी घेऊन नागरिक उभे राहिले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब चालू दिली नाही. परवडत नाही, हे कर्तव्य टाळण्याचे कारण होत नाही, एवढे त्या निकालाने आपल्या भागाला शिकवले आहे.

शिवाय धातू परत काढला म्हणजे पुण्य, असेही नाही. मुरादाबादला जुन्या संगणकांच्या पट्ट्या जाळून, तेजाबात घालून घरोघर धातू काढीत आणि उरलेले रामगंगेच्या काठी टाकीत. धातूपुरते पाहिले तर तो पुनर्वापरच होता! ज्याला भाव होता ते उचलले, ज्याला नव्हता ते नदीला दिले.

मग ज्याला कधीच भाव येणार नाही, त्याचे काय? हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात १२ कंटेनरांतून आला. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर तेथे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरला आणला गेला. रस्त्यावर लोक उतरले, दोघांनी अंगावर पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. जूनअखेर तो जाळून झाला. जाळताना चुना वगैरे मिसळावे लागल्यामुळे राख मूळ कचऱ्याहून जास्त भरली. चाळीस वर्षे त्या ढिगाकडे एकही झारेकरी फिरकला नाही, कारण त्यात काढण्याजोगे काही नव्हते. भोपाळचे लोक म्हणत घेऊन जा, पिथमपूरचे म्हणत आणू नका. दोघांचेही मला बरोबर वाटले, आणि आजही वाटते.

दहावीच्या वर्गात मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून दाखवतात. खिळ्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो, पाणी हिरवट होते, मुले खूश होतात. यंदा एका मुलीने खिळ्याविषयी काहीच विचारले नाही. हे उरलेले पाणी कुठे टाकणार, एवढेच तिने विचारले. आमच्या विज्ञान शिक्षकांनी ते बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून कपाटात ठेवले आहे. वर्षभरात अशा किती बाटल्या होतील याचा हिशेब करून नवे कपाट मागावे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि तसा अर्ज मी वर पाठवला आहे.