बिदागीचीही नोंद हवी

परभणीच्या मोंढ्यात मालाचा काटा झाला की हमाली, तोलाई, आडत यांची पैशापैशाने नोंद पट्टीवर होते. त्याच गावात रात्रभर गोंधळ घालणाऱ्या, संबळ वाजवणाऱ्या माणसाला मात्र ‘ही तर कलेची सेवा, पुढच्या वेळी बघू’ म्हणत शाल-नारळावर वाटेला लावलं जातं. हमालाची मजुरी बुडवणाऱ्याला बाजारात तोंड दाखवता येत नाही. कलावंताची बिदागी बुडवणारा दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर मिरवतो. ही अनीती आहे, आणि ती मोडण्याची विद्या आपल्या व्यापारी घरांतच आहे.

म्हणून आडतीवर बसलेली, बी.कॉम., एम.बी.ए. झालेली मुलगी उद्या म्हणाली, ‘मला नाट्यगृह चालवायचंय, महोत्सव उभे करायचेत’, तर घरात सुतक पाळू नका. तिनं शिकलेलं काही वाया जात नाही.

मराठी नाटकाचीच वाट पाहा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले आणि दरबारचा आधार सुटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. त्या तिकिटानं नाटक एका माणसाच्या मर्जीतून सुटून हजारोंच्या हाती आलं. याला मी कलेचा बाजार म्हणणार नाही. उलट गंधर्व नाटक मंडळी पाहा. बालगंधर्वांसारखा गळा, तुडुंब भरलेली थिएटरं, आणि तरीही कर्ज. नुसत्या गळ्यानं आणि गर्दीनं संस्था तरत नाही, हिशेबही लागतो. पुढे मुंबईत एन.सी.पी.ए. ही संगीत-नाट्यादी प्रयोगकलांची संस्था १९६९ साली उभी राहिली, ती टाटा समूहात काम केलेल्या जमशेद भाभांच्या ध्यासातून.

दुकानातला एक नियम मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावा लागेल: खपेल तेच मागवायचं. नव्या कवीसाठी, अवघड नाटकासाठी रिकाम्या खुर्च्या सोसाव्या लागतात. किती सोसायच्या आणि तो खर्च कुठून भरून काढायचा, हे ठरवायलाच तर हिशेबी माणूस हवा.

असा माणूस आमच्या परभणीलाही हवा. कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ कारकुनी करत लिहीत राहिले आणि १९५३ साली, ऐन चाळिशीत गेले. त्यांच्या नावानं परभणीत सभागृह आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण कोणतंही सभागृह नावावर चालत नाही. दिवे, ध्वनी, पडदे, तारखा यांची वर्षभर निगा हे पूर्णवेळ काम आहे आणि त्याला पगार लागतो. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरवणाऱ्या या शहराला गर्दी जमवता येते. उणीव आहे ती गर्दी पांगल्यावर काम करणाऱ्यांची.

मानवत, सेलू, जिंतूरच्या व्यापाऱ्यांनो, यंदाच्या यात्रेत कार्यक्रम ठेवाल तेव्हा कलावंताशी कागदावर करार करा. अर्धी रक्कम आधी द्या, उरलेली त्याच रात्री. आणि हे काम घरातल्या त्या शिकलेल्या मुलीकडे सोपवा, पगार देऊन.